आयव्हरी कोस्टला जिनिंगच्या कामाला जातोय – जुला, बंबारा, मालिंके ह्यातलं नेमकं काय शिकू?

जिनिंगवाला_जामनेर:
राम राम मंडळी. मी जामनेरचा, जिनिंग-प्रेसिंगमधे (कापसातली सरकी काढून गाठी बांधतात तिथे) फिटर आहे, आजवर सगळं काम आपल्याकडच्या डबल रोलर मशीनवर केलंय. आता दिवाळीनंतर आयव्हरी कोस्टला जायचा योग आलाय, उत्तरेकडे कोरोगो म्हणून गाव आहे, तिथे कापूस भरपूर आणि जिनिंगपण आहेत. तिकडे सॉ जिन (दातेरी चकत्यांची मशीन) चालतात ते मी बघून घेईन, माझी अडचण बोलायची आहे. ऑफिसवाले म्हणतात फ्रेंच येत नसलं तरी चालेल, साहेब लोकांशी बोलायला दुभाषा देऊ, पण मशीनवरचे कामगार आपापसात जुला बोलतात, फ्रेंच त्यांनापण जेमतेमच.

मग मी आपलं यूट्यूब उघडलं तर डोक्याचा भुगा झाला. एक जण म्हणतो जुला म्हंजेच बंबारा, दुसरा म्हणतो मालिंके, तिसरा मांदिंका, आणि एका ठिकाणी ह्या सगळ्याला मिळून मांदे म्हटलंय आणि त्यात परत साठ-सत्तर भाषा. ह्या एकच का वेगवेगळ्या? एक शिकली तर बाकीच्या चालतात का? आणि एका व्हिडिओत उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी पण उर्दू नसलेली अक्षरं दिसली, तीपण शिकावी लागतील का? जाणकारांनी सांगा. "आफ्रिकेत कशाला जातोस" असं कोणी लिहू नका, ते घरच्यांनी सांगून झालंय.

भाषावेडी_धुळे:
दादा, घाबरू नका, नावं जास्त आहेत तितकं प्रकरण अवघड नाही. वरून खाली सांगते.

मांदे हे मोठं कुटुंब. माली, गिनी, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन, लायबेरिया, पार नायजेरियाच्या पश्चिम कडेपर्यंत ह्या भाषा विखुरल्या आहेत. त्यातली एक शाखा मांदिंग, आणि तुम्ही जी चार नावं लिहिली ना ती चारही त्या एकाच शाखेतली. मालीत बंबारा, गिनीत आणि आयव्हरी कोस्टच्या वायव्येला ओदियेनेकडे मालिंके (मानिंकापण म्हणतात), गांबिया-सेनेगलकडे मांदिंका, आणि आयव्हरी कोस्ट-बुर्किनाच्या बाजारांत जुला. आपल्याकडे रावेर-यावलची लेवा बोली, पुढे तावडी, मग धुळे-साक्रीकडची अहिराणी असं दर वीस-पंचवीस किलोमीटरला बोलणं बदलत जातं पण शेजारच्या गावचं शेजारच्याला कळतं, तसंच आहे ते. बंबारावाल्याला जुला जवळजवळ सगळी कळते, गांबियाच्या मांदिंकावाल्याशी मात्र बोलताना दोघांनापण जरा कान टवकारावे लागतात.

पण "मांदे" म्हटलं की सगळं एकमेकांना कळतं असं समजू नका. सोनिंके, लायबेरियातली क्पेले, सिएरा लिओनची मेंदे, आयव्हरी कोस्टच्याच पश्चिमेची दान, मधल्या भागातली गुरो ह्यापण मांदे कुटुंबातल्याच, पण जुला बोलणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रील्समधे तो रंगीत मुखवटा घालून पाय इतके भराभरा हलवणारा नाच बघितला असेल सगळ्यांनी, तो झाउली, तो ह्या गुरो लोकांचा.

आणि कोरोगो हे गाव मुळात सेनुफो लोकांचं. सेनुफो भाषा मांदेमधे येतच नाही, ते वेगळं कुटुंब. म्हंजे तुमचे कामगार घरी सेनुफो बोलतील आणि बाजारात, मशीनवर, परक्याशी जुला. बऱ्याच जणांची ती घरची भाषा नसणार, त्यामुळे तुमची मोडकीतोडकी जुलापण कोणाला खटकणार नाही.

व्याकरणात मराठी माणसाला एक सोय आहे, कर्म क्रियापदाच्या आधी येतं. "मी पाणी पितो" हे "न बे जी मिन": न म्हंजे मी, जी पाणी, मिन पिणं. मधला तो "बे" काळ दाखवतो आणि तो कर्त्याला लागूनच बसतो. बे काढून "ते" टाकला की "पीत नाही". भूतकाळाला बंबारात "ये" येतो आणि जुलात "का". क्रियापदाचं रूप पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही, लिंग नाही, ती खुर्ची-तो टेबल ही भानगडच नाही. आपल्यासारखे "ला", "मधे" शब्दामागे लागतात, फक्त ती सगळी शेपटी क्रियापदाच्या नंतर जाते, "मी जातो बाजाराला" असं. "न बे तागा लोगो ला." हेच बंबारात "न बे ता सुगु ला" होतं, बाजाराचा शब्दच बदलला बघा. इतपतच फरक आहे.

त्रास एकच, सूर. "सो" वरच्या पट्टीत म्हटलं तर घर आणि खालच्या पट्टीत म्हटलं तर घोडा. हे पुस्तकातून येणार नाही, ऐकूनच येईल.

काजूवाला_अमळनेर:
ताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे पण भाऊ तू ते सूर-बिर डोक्यात घेऊ नको, घोडा घेऊन कोण येतंय जिनिंगमधे, संदर्भाने कळतं लोकांना. मी काजूच्या धंद्यात बुआकेला राहिलोय, कच्चा काजू आयव्हरी कोस्टमधून जगात सगळ्यात जास्त निघतो, सीझनला आपल्याकडचे बरेच जण असतात. बुआके बाउले लोकांच्या मुलखात आहे पण बाजार सगळा जुलात. जुला ह्या शब्दाचा अर्थच मुळात व्यापारी. कोला नट, सोनं, मीठ, कापड ह्याच्या व्यापारावर शेकडो वर्षं ह्यांचे तांडे फिरले आणि जिथे जिथे बसले तिथे भाषा रुजली.

आता माझ्याकडून तीन गोष्टी ऐक, ह्या तुला यूट्यूबवर कोणी सांगणार नाही.

पहिली म्हणजे नमस्कार. तिथे सरळ जाऊन "तो पाना दे" म्हटलास तर तू उद्धट. आधी "इ नि सोगोमा" (सकाळ), दुपारी "इ नि तिले", संध्याकाळी "इ नि वुला", रात्री "इ नि सु". कोणी काम करताना दिसला तर "इ नि बारा", बारा म्हंजे काम. हे तुला दिवसभर लागणार. उत्तर देताना पुरुष "न्बा" म्हणतो आणि बाई "न्से" म्हणते, हे उलटं केलंस तर अख्खी शिफ्ट हसेल. मग पुढे रात्र सुखाची गेली का, घरचे कसे, पोरं कशी, सगळ्याला उत्तर "हेरे दोरोन", म्हंजे सगळं क्षेम. घरी कोणी दवाखान्यात असलं तरी आधी हेरे दोरोनच, मग बाकीचं सांगायचं. आपल्याला वाटतं टाईमपास चाललाय पण ह्याच्याशिवाय तिथे गाडी गिअरमधे पडत नाही.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पैसे. तिथे चलन सीएफए फ्रँक. पण जुला-बंबारात किंमत फ्रँकमधे सांगत नाहीत, पाच फ्रँकच्या एककात सांगतात, त्याला दोरोमे म्हणतात. म्हंजे बाई म्हणाली "तान" (दहा) तर द्यायचे 50 फ्रँक. "मुगान" (वीस) म्हणाली तर 100. "केमे" म्हंजे शंभर, पण नोट काढायची 500 ची. "केमे फिला", दोनशे, म्हंजे 1000. फ्रेंचमधे विचारलं की तीच बाई सरळ 500 सांगते, आणि जुलात विचारलं की 100. नवीन माणसाला वाटतं जुलात बोललो म्हणून स्वस्त दिलं, आणि शंभरचं नाणं पुढे करतो, मग ती बाई हात कमरेवर ठेवून बघत राहते. मजुरांच्या ॲडव्हान्सचा हिशेब करताना तर हे पक्कं डोक्यात ठेव, कोणी "केमे दुरु" मागितले (पाचशे, काही जण दुरुच्या जागी लोरु म्हणतात) तर त्याला 2500 फ्रँक हवे आहेत. आकडे पाठ कर: केलेन, फिला, साबा, नानी, लोरु. मग पाचने गुणायची सवय लाव. बाकी नाही आलं तरी चालेल.

तिसरी गोष्ट आडनावाची, ती लांबडी आहे, जेवून आलो की लिहितो.

पैसा_बोलता_है:
मालीचा तो जुना राजा मन्सा मुसा ह्याच लोकांचा ना? जगातला आजवरचा सगळ्यात श्रीमंत माणूस, 400 अब्ज डॉलर. आणि आज बघा त्या देशांची अवस्था.

नंदुरबारचा_मास्तर:
400 अब्ज हा आकडा कोणी कुठल्या तागडीत तोलला ते देव जाणे, चौदाव्या शतकातलं सोनं डॉलरमधे मोजता येत नसतं. एवढं खरं की 1324 मधे तो हजला निघाला तेव्हा कैरोत त्याने इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला, अरबी इतिहासकारांनी ते लिहून ठेवलंय. 1375 च्या कॅटलान नकाशात हातात सोन्याचा गोळा घेतलेला राजा काढलाय तो हाच.

पण विषय निघालाच आहे तर नंदुरबारकराने इब्न बतूताचं नाव न घेता कसं चालेल. हा मोरोक्कोचा प्रवासी मुहम्मद तुघलकाच्या पदरी दिल्लीत काझी होता, 1342 च्या सुमारास चीनला वकील म्हणून निघाला तो दौलताबादवरून आमच्या नंदुरबारला आला आणि मग खंबायतला गेला. नंदुरबारबद्दल त्याने लिहिलंय की गाव लहान, मराठे राहतात, कारागीर चांगले, वैद्य आणि ज्योतिषी हुशार, आणि खाणं भात, भाज्या, तिळाचं तेल. हाच माणूस दहा वर्षांनी, 1352 मधे, सहारा ओलांडून मालीच्या दरबारात हजर. गादीवर तेव्हा मुसाचा भाऊ सुलेमान.

तिथली गंमत ऐका. राजाकडून पाहुणचार आलाय म्हणून निरोप आला, हा उठून उभा राहिला, वाटलं मानाची वस्त्रं असतील, मोहरा असतील. निघालं काय तर तीन भाकरी, तिकडच्या तेलात तळलेला मांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यात दही. इब्न बतूता हसत सुटला आणि ते सगळं लिहूनपण ठेवलं. पुढे त्याने भर दरबारात तक्रार केली की मी इतके देश फिरलो, इतक्या राजांना भेटलो, दुसरीकडे गेल्यावर तुमच्याबद्दल काय सांगू? तेव्हा कुठे घर, खर्ची आणि सोनं मिळालं. मात्र त्याच माणसाने हेपण लिहिलंय की ह्या मुलखात अन्याय फार कमी, वाटसरूला चोराचिलटाची भीती नाही.

आणि दरबारातले शाहीर त्याने बघितले ते पिसांचा वेष करून, डोक्यावर लाल चोचीचं लाकडी पक्ष्याचं तोंड लावून राजासमोर उभे राहायचे आणि त्याच्या पूर्वजांचे पराक्रम सांगून तूपण तसंच कर म्हणायचे. त्याला ते हास्यास्पद वाटलं. त्याने त्यांचं नाव जाली लिहिलंय. मांदिंका लोक आजपण त्यांना जाली म्हणतात, बंबारात जेली, फ्रेंचवाले ग्रिओ म्हणतात. राजे गेले, साम्राज्य गेलं, फ्रेंच आले, गेले, जाली आहेतच. त्यांची आडनावं ठरलेली, कुयाते, जाबाते, सिसोको, आणि वाद्यं म्हणजे एकवीस तारांची कोरा, लाकडी पट्ट्यांचा बालाफोन, न्गोनी. तुमानी जाबाते हा कोराचा मोठा वादक 2024 मधे गेला, त्याचं काहीही लावून ऐका, रात्री बरं वाटतं.

हे जाली सांगतात ती मूळ कथा सुंजाताची. लहानपणी चालता न येणारा मुलगा, पुढे साधारण 1235 मधे किरिनाच्या लढाईत सोसोच्या राजाला, सुमांगुरु कांतेला, हरवून मालीचं राज्य उभं करतो. सुमांगुरु लोहार कुळातला, जादूटोण्यात तयार, आणि त्याचा एक बालाफोन होता तो सुंजाताचा जाली बाला फासेके ह्याच्याकडे आला. तोच सोसो-बाला म्हणून गिनीत नियागासोला गावी कुयाते घराण्याने आजपण सांभाळलाय, युनेस्कोच्या यादीत आहे.

चेल्सीचा_चाहता:
सर कांते म्हंजे आपला फुटबॉलवाला न्गोलो कांते?? 😮

नंदुरबारचा_मास्तर:
आडनाव तेच. त्याचे आईवडील मालीचे. लगेच थेट वंशज वगैरे लिहू नकोस, कांते हजारो आहेत. पण तिकडे आडनाव ऐकलं की तुमचं कुळ, जुना धंदा, कोणाशी थट्टा चालते हे समोरच्याला कळतं. कांते ऐकलं की लोहार आठवतात, केता ऐकलं की सुंजाताचं राजघराणं. सालिफ केता गायक झाला तेव्हा घरच्यांचा विरोध झाला त्याचं एक कारण हेच, गाणं हे जालींचं काम, केतांनी गायचं नसतं. लोहार, चांभार, जाली ही कुळं आपसातच लग्नं करायची, अजूनही बऱ्याच ठिकाणी करतात. मला स्वतःला ह्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही, जालींची कला फार मोठी आहे पण जन्मावरून धंदा ठरणं हे तिथेही जन्मावरून धंदा ठरणंच आहे.

काजूवाला_अमळनेर:
हां तर आडनाव. मास्तरांनी माझी अर्धी गोष्ट आधीच सांगून टाकली. तिथे आडनावाला जामु म्हणतात. नवीन माणूस भेटला की नाव नंतर, आधी जामु. आणि ठराविक जामुंमधे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं, सानांकुया. त्राओरे आणि कोने, केता आणि कुलिबाली अशा जोड्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आता हाणामारी होते. गोडाऊनचा वॉचमन त्राओरे, आणि गाडीतून उतरलेला माल घेणारा शेठ कोने, सुटाबुटातला. वॉचमनने गेटवरच त्याला अडवून सांगितलं की तू माझा गुलाम, माझ्या परवानगीशिवाय आत कसा आलास. शेठ म्हणतो, गुलाम तुझा बाप, तुम्ही त्राओरे नुसत्या शेंगांच्या बिया खाता, तुमच्या शेजारी बसवत नाही. बिया खाणं म्हंजे पुढे काय होतं ते समजून घ्या. दोघं खो खो हसले, हातात हात धरून पाच मिनिटं उभे, आणि काम झालं. राग धरायचाच नाही असा नियम आहे, भांडण मिटवायलासुद्धा सानांकुयावाल्यालाच मधे घालतात कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

तुलापण महिनाभरात कोणीतरी आपलं जामु देऊन टाकेल बघ. मला कुलिबाली दिलं होतं. मग अनोळखी केता भेटला की मीच सुरुवात करायचो, बिया खाणारा म्हणून, आणि बाजारात भाव पाडून घ्यायचो. एकच सांभाळ, जोडी माहिती असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि म्हाताऱ्या माणसासमोर आधी नमस्कार पूर्ण करायचा.

जिनिंगवाला_जामनेर:
भो हे भारीच. केमे म्हंजे 500 हे मी भिंतीवर लिहून ठेवलं. खाण्याचं काय तिकडे? आणि त्या उर्दूसारख्या अक्षरांचं कोणी सांगितलं नाही.

काजूवाला_अमळनेर:
खाण्याचे हाल नाहीत. "तो" नावाचं एक असतं, ज्वारी-बाजरी-मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, भेंडीच्या बुळबुळीत रश्शाबरोबर हाताने खायचं. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत पावलोपावली मिळतं, थंडगार, तुला आवडेल. शाकाहारी असशील तर रश्शात सुके मासे असतात ते आधी विचार. भाकरी मात्र थापायला शिकून जा, पीठ आहे, थापणारं कोणी नाही.

भाषावेडी_धुळे:
अक्षरांचं सांगते. ती न्को लिपी. सुलेमाना कांते (परत कांते!) म्हणून गिनीतल्या कांकानकडचा माणूस, त्याने 1949 मधे आयव्हरी कोस्टमधेच तयार केली. आफ्रिकन भाषा लिहिता येण्यासारख्या नसतात असं एका लेबनीज पत्रकाराचं लिहिलेलं त्याच्या वाचनात आलं, ते त्याला फार लागलं. आधी अरबी लिपीत लिहून बघितलं, मग रोमनमधे, दोन्हीत सूर नीट बसेनात, म्हणून स्वतःची लिपी काढली, त्यात सुरांच्या खुणा अक्षरांवर येतात. नंतर आयुष्यभर तो त्यात लिहीत राहिला, धर्म, इतिहास, औषधं, व्याकरण. 2006 मधे ती युनिकोडमधे आली, आता मोबाईलवर टाईप होते. गिनी आणि मालीत तिचे वर्ग चालतात, शिक्षकांनी एकमेकांना शिकवत पसरवलीय. तुम्हाला कोरोगोत काम चालवायला तिची गरज नाही, कुठे जुला लिहिलेली दिसली तर बहुतेक रोमनमधेच.

आणि ही पहिली नव्हे बरं का. लायबेरियात वाई भाषेसाठी मोमोलु दुवालु बुकेले ह्याने 1830 च्या दशकातच अक्षरमाला बनवली होती, वाईपण मांदेच.

शिकायचं म्हणाल तर बंबाराचं साहित्य खूप मिळतं, जुलाचं कमी. बिनधास्त बंबारा शिका. मालीत 2023 च्या राज्यघटनेत फ्रेंच खाली सरकवून बंबारासकट तेरा देशी भाषांना अधिकृत दर्जा दिलाय, त्यामुळे रेडिओ-यूट्यूबवर आणखी येत राहील. तिथे गेल्यावर "ये" चा "का" आणि सुगुचं लोगो आपोआप होईल. कामापुरतं फ्रेंचपण थोडं घ्याच दादा, पोलीस चौकी, बँक, दवाखाना सगळं फ्रेंचमधे आहे.

जिनिंगवाला_जामनेर:
पार्टची नावं जुलात काय म्हणत असतील? बेल्ट, बेअरिंग, सॉ, ब्रश?

काजूवाला_अमळनेर:
सगळी फ्रेंच. बेअरिंगला रुलमाँ, बेल्टला कुरुआ. तेवढी लिस्ट दुभाष्याकडून पहिल्याच दिवशी वहीत घे, आणि बेअरिंगचा नंबर सगळीकडे सारखाच असतो.